हृद्रोहिणीचा विस्फार व संकोच : एका उपचाराचा इतिहास आणि त्याचे मराठी शब्द

१

महारोहिणीच्या मुळापासून निघून हृदयाच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या आणि हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांना मराठी वैद्यक परिभाषेत हृद्रोहिणी असे नाव आहे. या वाहिन्यांच्या विकारांचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या मनात एकच चित्र उभे राहते. वाहिनी अरुंद झाली, तीत अडथळा आला, रक्त पुढे जाईनासे झाले. तेव्हा तो अडथळा दूर करावा, म्हणजे काम झाले. हे चित्र खोटे नव्हे, परंतु ते अपुरे आहे. काही रुग्णांत हीच वाहिनी लांबवर किंवा ठिकठिकाणी अवाजवी रुंद झालेली असते, आणि अशा दोन रुंद भागांच्या मध्येच एखादा भाग अरुंद झालेला आढळतो. संकोच आणि विस्फार हे परस्परविरुद्ध भासणारे दोन दोष एकाच वाहिनीत शेजारी शेजारी नांदतात. अशा वाहिनीतील अरुंद भागावर उपचार कसा करावा, हा प्रश्न वैद्यकासमोर अनेक दशके उभा असून त्याला सर्वमान्य असे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

या उपचाराच्या इतिहासाचा आढावा घेताना एक गोष्ट वारंवार दिसून येते. विकाराला जे नाव पडले, त्या नावाच्या दिशेने उपचार गेला. ज्या दोषाला नाव नव्हते तो डोळ्यांसमोर असूनही मागे राहिला. वैद्यांच्या परिभाषेत ही उणीव कालांतराने भरून निघाली. रुग्णाच्या भाषेत मात्र ती तशीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा येथून छातीच्या दुखण्यासाठी सोलापूर, लातूर किंवा हैदराबाद गाठणाऱ्या माणसाला आपल्या हृदयातील संकोचासाठी शब्द मिळतो, विस्फारासाठी मिळत नाही. हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२

प्रथम शब्दांचे पूर्वरूप पाहणे इष्ट होईल. रक्त वाहून नेणाऱ्या मार्गांना प्राचीन वाङ्मयात सिरा, धमनी, स्रोतस् आणि नाडी अशी अनेक नावे आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरांची संख्या ७०० आणि धमन्यांची २४ अशी दिली असून या दोहोंचे उगमस्थान नाभी हे मानले आहे. यावरून एक गोष्ट उघड होते, ती अशी की आजच्या अर्थाने रोहिणी व नीला हा भेद त्या विभागणीत नाही. पुढच्या काळातील अनुवादकांनी धमनी हा शब्द एका आधुनिक संकल्पनेला व सिरा हा दुसरीला लावला, हा त्यांनी केलेला नवा संकेत होय.

मराठीने मात्र येथे वेगळी वाट धरली. हिंदीत शुद्ध रक्ताच्या वाहिनीला धमनी आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला शिरा म्हणतात. मराठी परिभाषेत अनुक्रमे रोहिणी आणि नीला हे शब्द स्थिरावले. हे दोन्ही शब्द सुश्रुताच्या सिरावर्णनात आढळतात. तेथे सिरांचे वर्ग रंगावरून सांगितले आहेत : वाताच्या सिरा अरुण, पित्ताच्या नील, कफाच्या गौर आणि रक्ताच्या रोहिणी, म्हणजे तांबड्या. आधुनिक शरीरशास्त्राला तांबडे रक्त व काळसर निळे रक्त असा भेद सांगावयाचा होता. त्याला ही रंगाची जोडी सहज लागू पडली. जुना शब्द टिकला, पण त्याच्या आतील अर्थ पूर्णपणे बदलला.

रोहिणी या शब्दाचा आणखी एक प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. आयुर्वेदात रोहिणी हे गळ्याच्या एका घातक रोगाचेही नाव आहे. त्यात घशात अंकुर वाढून श्वास कोंडतो असे वर्णन येते. आता युरोपातील शब्दाकडे वळावे. हृद्रोहिणीच्या विकारात छातीत जी कळ येते तिला पाश्चात्त्य वैद्यक अंजायना म्हणते, आणि लॅटिन भाषेत अंजायना हे मूळचे गळा आवळणाऱ्या रोगाचेच नाव होते. म्हणजे दोन अगदी भिन्न परंपरांत गळ्याच्या रोगाचा शब्द उतरून छातीत आला. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. एकीकडे रंगामुळे व दुसरीकडे कोंडण्याच्या भावनेमुळे हे घडले. तथापि पाश्चात्त्य शब्दाबरोबर आवळले जाण्याची, अरुंद होण्याची कल्पनाही हृदयाशी चिकटली, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

चरकसंहितेतील एका विवेचनाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. विमानस्थानात स्रोतांच्या दुष्टीची चार लक्षणे सांगितली आहेत : अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी आणि विमार्गगमन. संग म्हणजे अडणे. सिराग्रंथी म्हणजे सिरांना गाठी वा फुगवटे येणे. चरकाला हृद्रोहिणीचा विस्फार ठाऊक होता असा निष्कर्ष यावरून काढणे सर्वथा चुकीचे होईल; हृद्रोगाचे त्याने केलेले पाच प्रकार दोष व कृमी यांवर आधारलेले आहेत, वाहिन्यांच्या रचनेवर नव्हेत. परंतु मार्ग बिघडण्याचे प्रकार एकाहून अधिक आहेत, अडणे हा त्यांतील केवळ एक, ही विचाराची चौकट तेथे स्पष्टपणे मांडलेली आहे. नंतरच्या काळात हीच चौकट सर्वत्र विसरली गेली.

३

पाश्चात्त्य वैद्यकात या दोन दोषांची नोंद जवळजवळ एकाच काळात झाली. पाडुआ येथील शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी याचा रोगांच्या स्थानांविषयीचा ग्रंथ १७६१ साली प्रसिद्ध झाला. हृद्रोहिणीच्या विस्फाराचे पहिले वर्णन त्यात आहे असे सामान्यतः मानले जाते. लंडन येथे विल्यम हेबर्डन याने १७६८ साली छातीच्या कळेचे वर्णन वाचले आणि ते १७७२ साली छापले गेले. हेबर्डनने दुखण्याचे वर्णन केले, कारण सांगितले नाही. कारणाचा शोध त्याच्यानंतर एडवर्ड जेन्नर आणि केलेब पॅरी यांनी घेतला, आणि कठीण व अरुंद झालेल्या हृद्रोहिणीकडे बोट दाखविले. तेव्हापासून अंजायना व संकोच यांची सांगड पक्की झाली. विस्फार हा शवविच्छेदनात क्वचित आढळणारा चमत्कार म्हणून ग्रंथांच्या कडेला राहिला. १८१२ साली फ्रान्समध्ये बूगाँ याने अशा एका रुग्णाची नोंद केली. परंतु तिच्यामागे उपचाराचा विचार नव्हता.

उपचाराची एक प्रभावी पायरी १८७९ साली पडली. त्या वर्षी विल्यम मरेल याने छातीच्या कळेवर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याचे तत्त्व आवळलेल्या कल्पनेला अगदी साजेसे होते : वाहिनी अरुंद आहे, तेव्हा तिला रुंद करणारे औषध द्यावे. असंख्य रुग्णांना या औषधाने आराम पडला व आजही पडतो. परंतु जेथे वाहिनी आधीच अवाजवी रुंद आहे आणि कळ येण्याचे कारण रक्ताचा मंद प्रवाह हे आहे, तेथे हे औषध उपयोगी पडण्याऐवजी त्रास वाढवू शकते, असे पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस निरीक्षणास आले. एका नावाने सुचविलेला उपचार दुसऱ्या दोषाला लागू करण्यातील धोका येथे प्रथम दिसतो.

जिवंत माणसाची हृद्रोहिणी प्रत्यक्ष पाहता येऊ लागेपर्यंत हा भेद कळण्यास मार्गच नव्हता. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नलिका घालून ती हृदयापर्यंत नेली. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीत क्षकिरणांस दिसणारे द्रव्य सोडीत असता नलिकेचे टोक हृद्रोहिणीत सरकले आणि सर्व द्रव्य तीत गेले. रुग्ण वाचला, व त्या अपघातातून हृद्रोहिणीचे चित्रण करण्याची पद्धत निर्माण झाली. यानंतर आठ वर्षांनी, १९६६ साली, ब्यर्क याने अशा चित्रांत दिसलेल्या रुंदीकरणाला एक्टेसिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ताणून पसरणे असा आहे. मोर्गान्यीच्या ग्रंथानंतर २०५ वर्षांनी या दोषाला चित्रणाच्या आधारावर उभे असलेले नाव मिळाले.

नाव मिळताच गणना व वर्गीकरण सुरू झाले. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक व्यास झाल्यास तो विस्फार समजावा, असा संकेत रूढ झाला. १९७६ साली मार्किस व त्याच्या सहकाऱ्यांनी विस्फाराचे चार प्रकार पाडले. कोणत्या व किती वाहिन्या, आणि सलग की तुटक, हा त्याचा आधार होता. १९८३ साली अमेरिकेतील एका मोठ्या नोंदणीतून २०,०८७ रुग्णांची चित्रणे तपासण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ९७८ जणांत, म्हणजे ४.९ टक्क्यांत, असा फुगवटा आढळला. जो दोष ग्रंथांच्या कडेला होता तो वीस रुग्णांमागे एकात निघाला.

विस्फाराची कारणेही याच काळात उलगडत गेली. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याच्यामागे रोहिणीकाठिण्यच असते. म्हणजे ज्या विकाराने एके ठिकाणी भिंत जाड होऊन मार्ग अरुंद होतो त्याच विकाराने दुसऱ्या ठिकाणी भिंतीचा मधला लवचीक थर झिजून ती सैल पडते. उरलेल्यांपैकी काहींत दोष जन्मजात असतो, काहींत दाहामुळे येतो. जपानमधील बालवैद्य तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेल्या बालरोगात हृद्रोहिणीला मोठे फुगवटे येतात, हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८७ साली ग्लॅगोव्ह याने आणखी एक गोष्ट दाखविली : वाहिनीच्या भिंतीत थर साचू लागला की वाहिनी प्रथम बाहेरच्या बाजूस वाढते आणि आतील मार्ग शाबूत राखते, थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापल्यावरच मार्ग अरुंद होऊ लागतो. सारांश, रुंद होणे आणि अरुंद होणे ही दोन शत्रुराष्ट्रे नसून एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत.

४

या दीर्घ कालखंडात वाहिनीच्या संकोच-विस्फाराचा विचारच बाजूस ठेवून थेट हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचविण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला, त्याची नोंद मराठी वाचकास अगत्याची वाटेल. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन काम करीत असत. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले, त्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. पण त्यांचा अधिक मूलगामी विचार त्यापूर्वीचा आहे.

सर्पाच्या हृदयात स्नायूला मिळणारे रक्त बव्हंशी हृदयाच्या पोकळीतूनच लहान लहान मार्गांनी येते. ही रचना लक्षात घेऊन सेन, उडवाडिया, किणरे व परुळकर यांनी १९६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूला सुईने अनेक छिद्रे पाडली तर पोकळीतील रक्त त्यांतून स्नायूत झिरपेल आणि हृद्रोहिणीचा मार्ग बंद असला तरी स्नायू जगेल, असा त्यांचा विचार होता. या क्रियेला त्यांनी अ‍ॅक्युपंक्चर हे नाव दिले. त्यात चिनी उपचाराचा काही संबंध नव्हता, सुईने वेध करणे एवढाच अर्थ होता. सुश्रुताच्या सिराव्यधाची आठवण करून देणारी ही कल्पना होय. ही छिद्रे दीर्घकाळ उघडी राहत नाहीत असे पुढे दिसून आले. तथापि तीच कल्पना १९८० च्या दशकात लेसर किरणांच्या साहाय्याने पुन्हा पुढे आली, आणि १९९८ साली अमेरिकेत त्या उपचारास मान्यताही मिळाली.

सेन यांच्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या यशात नाही. वाहिनीला नळ समजण्याची जी सवय वैद्यकास जडली होती तिच्यापासून हा विचार मुक्त होता, हे त्याचे खरे महत्त्व. त्याच सुमारास अमेरिकेत रेने फावालोरो याने १९६७ साली पायातील नीला काढून ती महारोहिणी व हृद्रोहिणी यांच्या दरम्यान जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अडथळ्याला वळसा घालणारी ही शस्त्रक्रिया बायपास या नावाने घरोघर पोहोचली. तिच्या प्रभावापुढे मुंबईचा विचार झाकोळला, हे स्वाभाविकच होते.

५

अरुंद भाग आतूनच रुंद करण्याची कल्पना अमेरिकेतील चार्ल्स डॉटर याची. १९६४ साली त्याने एका रुग्णाच्या पायातील रोहिणी नलिकांच्या साहाय्याने मोकळी केली. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे आन्द्रेआस ग्रुंट्झिग याने नलिकेच्या टोकाशी लहान फुगा बसविला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी प्रथम एका जागृत रुग्णाच्या हृद्रोहिणीत तो फुगवून अरुंद भाग मोकळा केला. परंतु फुग्याने उघडलेला मार्ग कित्येकदा पुन्हा मिटे. म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये झाक प्युएल व स्वित्झर्लंडमध्ये उलरिख झिगवार्ट यांनी त्या ठिकाणी धातूची जाळी बसविली. तिला स्टेंट म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकातील चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याच्या नावावरून आला, असे सामान्यतः मानतात; दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने एक मिश्रण तयार केले होते. पुढे मार्ग पुन्हा मिटू नये म्हणून जाळीवर औषधाचा लेप देण्यात येऊ लागला.

ही सर्व साधने निरोगी मापाच्या वाहिनीसाठी घडविलेली होती. हृद्रोहिणीचा व्यास सामान्यतः काही थोड्या मिलिमीटरांचा असतो. जाळ्या व फुगे त्याच मापाचे बनतात. विस्फारलेल्या वाहिनीत संकोचाचा उपचार करू जाता येथेच अडचण उत्पन्न होते. अरुंद भागाच्या मापाची जाळी घेतली तर तिची दोन्ही टोके शेजारच्या रुंद भागात भिंतीला न टेकता अधांतरी राहतात. तेथे रक्त गोठते. रुंद भागाच्या मापाची घेतली तर अरुंद जागेची भिंत फाटण्याचा धोका संभवतो, शिवाय इतक्या मोठ्या मापाची जाळी नेहमी उपलब्ध असतेच असे नाही. त्यातच रुंद भागात रक्ताचा प्रवाह मंदावलेला असून गुठळी पुष्कळदा आधीच साचलेली असते. फुगा फुगविताच तिचे तुकडे सुटून पुढील सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, आणि मोठा मार्ग उघडूनही स्नायूला रक्त पोहोचत नाही. विस्फार असलेल्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका आला असता या उपचाराचे यश कमी पडते आणि जाळीत गुठळी होण्याचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांवरून दिसते.

या अडचणींतून जे उपाय निघाले त्यांचा थोडक्यात निर्देश पुरे. वाहिनीच्या आतून ध्वनिलहरींनी किंवा प्रकाशाने खरे माप घ्यावे. बाहेरून काढलेल्या चित्रात केवळ मोकळा मार्ग दिसतो, भिंत दिसत नाही. जाळी बसविल्यावर मोठ्या फुग्याने तिची टोके भिंतीशी दाबून बसवावीत. आपोआप पसरणारी जाळी किंवा, फुगवटा मर्यादित असेल तर, पातळ आवरणाने मढविलेली जाळी वापरावी. गुठळी मोठी असल्यास घाईने जाळी न घालता प्रथम रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावीत. फुगवटा फार मोठा असल्यास तो बांधून टाकून बायपास करावा. यांपैकी कोणता उपाय कोणत्या रुग्णास, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. रक्त गोठू न देणारी औषधे किती काळ द्यावीत हाही वादाचा विषय आहे. अशा प्रसंगी निर्णयात रुग्णाचा वाटा वाढतो, कारण जेथे शास्त्र एकच मार्ग सांगू शकत नाही तेथे धोका पत्करणाऱ्याची इच्छा निर्णायक ठरावयास हवी.

६

आता हा रुग्ण लोहाऱ्याचा आहे असे समजून त्याच्या भाषेचा विचार करावा. लोहारा हे आज धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. कर्नाटकाची सीमा येथून दूर नाही. मराठी बोलीवर दखनी उर्दूची आणि कानडीची छाया आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. संस्थानात ज्ञानाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकविले जात आणि त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग होता. त्या परिभाषेत रोहिणीला शिरयान व नीलेला वरीद म्हणत. दोन्ही शब्द अरबी. तिकडे मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माध्यमाचा वर्ग चालला होता, आणि सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीतून वैद्यकग्रंथ लिहिले होते. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, मराठी विश्वकोशाने हृद्रोहिणी हा शब्द रूढ केला.

परिणाम असा झाला की लोहाऱ्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून पन्नास वर्षांत दोन परिभाषा निघून गेल्या. एक अरबी वळणाची, दुसरी संस्कृत वळणाची. त्याच्या तोंडी या दोहोंपैकी कोणतीच रुजली नाही. त्याची शीर ही संस्कृत सिरेपासून आली, नाडी तशीच राहिली, आणि रग हा फारसी शब्द उर्दूच्या संगतीने कानावर पडत राहिला. रोहिणी म्हटले तर त्याला मृग नक्षत्राच्या आधीचे, पेरणीची तयारी करावयाचे नक्षत्र आठवेल.

या पोकळीत तिसरी परिभाषा शिरली, ती इंग्रजी वळणाची, आणि ती मात्र रुजली. ब्लॉक, अँजिओ, बायपास, स्टेंट हे शब्द खेड्यापाड्यांत बोलले जातात. स्टेंटला जाळी किंवा स्प्रिंग आणि बलूनला फुगा हे पर्यायही लोकांनी स्वतःच घडविले. यांतील जाळी व फुगा हे शब्द कोणत्याही समितीने दिलेले नाहीत, तरी ते अचूक आहेत; बोलीच्या शब्दनिर्मितीचे हे सामर्थ्य परिभाषाकारांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. ब्लॉक या शब्दाची गोष्ट निराळी. मराठीत तो पूर्वीपासून होता : छापखान्यातील ठसा, शहरातील राहण्याची जागा, आणि ग्रामीण भागात गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्राचे जुने नाव. हृदयाच्या संदर्भात मात्र त्याने एक संपूर्ण सिद्धांतच आपल्याबरोबर आणला. हृदय म्हणजे नळांची जोडणी, रोग म्हणजे नळातील बूच, उपचार म्हणजे बूच काढणे. किती ब्लॉक, किती टक्के, एवढ्या दोन प्रश्नांत सारा रोग मावू लागला.

विस्फार झालेल्या रुग्णाचे चित्र या शब्दात मावत नाही. त्याला ब्लॉक आहे असे सांगणे खरे आहे, पण तेवढेच सांगणे अपुरे आहे. जाळी घालूनही गुठळी का होईल, औषधे दीर्घकाळ का घ्यावी लागतील, शेजाऱ्याचा ब्लॉक तासाभरात निघाला आणि आपल्याला जाळी न घालता परत का पाठविले, या प्रश्नांची उत्तरे बुचाच्या चित्रातून मिळत नाहीत. उत्तर न मिळाल्यास अविश्वास उत्पन्न होतो. औषध बंद केले जाते, आणि विस्फारलेल्या वाहिनीत जाळी असलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणारे औषध परस्पर बंद करणे हे प्राणावर बेतू शकते.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची व्याप्ती वाढली आहे. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत व २०१३ साली राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधी लेप असलेल्या जाळीसाठी ती प्रथम २९,६०० रुपये व साध्या जाळीसाठी ७,२६० रुपये होती. पूर्वी जो उपचार लोहाऱ्याच्या माणसाच्या कल्पनेतही नव्हता तो त्याच्या आवाक्यात येऊ लागला. पैशाची भिंत खचू लागली तेव्हा भाषेची भिंत अधिक स्पष्ट दिसू लागली. संमतिपत्रावर सही किंवा अंगठा प्रत्येक रुग्ण देतो. परंतु संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय रुग्णास पुरेसे समजले पाहिजेत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली घालून दिला आहे. ज्या दोषाला रुग्णाच्या भाषेत नावच नाही त्याविषयीची संमती कितपत खरी मानावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

७

हे नाव कोठून आणावे? हृद्रोहिणीविस्फार हा शब्द कोशासाठी निर्दोष आहे आणि लिखित व्यवहारात तो राहावा. परंतु समजावून सांगण्यासाठी बोलीत आधीच असलेले ज्ञान उपयोगी पडेल. लोहारा तालुक्यातच माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. धार, पात्र, डोह, पाट, चारी आणि गाळ हे शब्द त्या भागातील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाहीत. ओढ्याचे पात्र जेथे अकस्मात रुंद होते तेथे डोह होतो, डोहात पाणी मंदावते, आणि मंदावलेल्या पाण्यात गाळ बसतो, हे त्याने पाहिलेले असते. दोन डोहांमधील अरुंद जागा नुसती उकरून भागत नाही, कारण वरच्या डोहातील गाळ सुटून खाली येतो, हेही त्याला तर्काने कळते. हृद्रोहिणीतील विस्फाराला डोह म्हणणे ही उपमा आहे, व्याख्या नव्हे. रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि गुठळी म्हणजे गाळ नव्हे. तरीही जे ब्लॉक या शब्दाने झाकले जाते ते डोह या शब्दाने उघड होते : दोष केवळ अडण्यात नाही, संथ होण्यातही आहे.

भाषांतरित परिभाषेचा इतिहास तपासता असे दिसते की शब्द वरून खाली उतरतात तेव्हा ते बहुधा वाटेतच थांबतात. शिरयान थांबला, रोहिणी बऱ्याच अंशी थांबली. खाली पोहोचलेले शब्द दोन प्रकारचे : बाजाराने आणलेले आणि लोकांनी स्वतः घडविलेले. ब्लॉक पहिल्या प्रकारचा, जाळी दुसऱ्या प्रकारचा. परिभाषेच्या कामात या दुसऱ्या प्रकाराकडे आजवर दुर्लक्ष झाले. कोशाच्या प्रत्येक नोंदीखाली बोलीतील एखादा पर्याय आणि एका वाक्याचे सोपे स्पष्टीकरण देण्याची प्रथा पडली, आणि जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांची संमतिपत्रे तिला धरून तयार झाली, तर हे अंतर पुष्कळ कमी होईल. त्यासाठी वैद्यक व भाषाशास्त्र या दोन विभागांनी एकत्र बसून काम करण्याची आवश्यकता आहे.

वैद्यकास विस्फार दिसण्यास दोनशे वर्षे लागली, आणि दिसल्यावरही त्याचा उपचार अनिश्चितच राहिला. ही अनिश्चितता शास्त्राची आहे व ती यथाकाल दूर होईल. लोहाऱ्याच्या रुग्णाची अनिश्चितता मात्र दुहेरी आहे : उपचाराची आणि शब्दाची. पहिलीवर इलाज संशोधकांच्या हाती आहे. दुसरीवरचा इलाज मराठीच्या अभ्यासकांच्या हाती असून त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.